दुर्लक्ष करायलाही शिस्त लागते!

'दुर्लक्ष' हा शब्द आपल्याकडे भलताच बदनाम आहे. अभ्यासाकडे दुर्लक्ष, तब्येतीकडे दुर्लक्ष... पण मित्रहो, कशाकडे दुर्लक्ष करायचं हे आधीच लिहून ठेवणं हेही इंजिनिअरिंगच आहे. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली बनवलेल्या गिटमध्ये यासाठी एक साधी टेक्स्ट फाइल असते, डॉट गिटइग्नोर. आपण मात्र नेमकं तिच्याकडेच दुर्लक्ष करतो!

होस्टेलवरचा कुठलाही ग्रुप प्रोजेक्ट उघडून बघा. कोड एवढासा आणि रिपॉझिटरी अवाढव्य. कंपाइल झालेल्या फाइली, नोड मॉड्यूल्सचा अख्खा फोल्डर, सगळं आत. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "नंतर साफ करू रे!" इथेच तर गोम आहे. एकदा कमिट झालेली फाइल नंतर यादीत घातली, तरी गिट तिचा पिच्छा सोडत नाही. 'गिट आरएम डॅशडॅश कॅश्ड' द्यावंच लागतं, आणि तरीही जुन्या इतिहासात ती राहतेच.

आमच्या वणीकडे द्राक्षाचे खराब मणी पेटीत भरण्याआधीच कात्रीने काढतात. पेटी बंद होऊन गाडी निघाली, की मग काय उपयोग? कमिटचंही तसंच.

कचऱ्याचं एक वेळ चालेल, पासवर्डचं काय? २०१६ मध्ये हॅकर्सना उबरच्या गिटहब रिपॉझिटरीत अ‍ॅमेझॉन क्लाउडच्या चाव्या सापडल्या आणि सुमारे ५.७ कोटी प्रवासी व ड्रायव्हर्सची माहिती बाहेर गेली. ती रिपॉझिटरी प्रायव्हेट होती, बरं का! त्यामुळे "आपली तर प्रायव्हेट आहे" हे म्हणणं सोडा. चावी चुकून आत गेलीच, तर फाइल डिलीट करत बसू नका, आधी चावी बदला.

माझं मत स्पष्ट आहे. पहिला कमिट याच फाइलचा हवा. पासवर्डची फाइल यादीत घाला आणि सोबत फक्त नावं असलेली नमुना फाइल ठेवा. दुसऱ्याची यादी मात्र डोळे मिटून उचलू नका. त्यात सगळ्या सीएसव्ही वगळायचा नियम असला, तर तुमचा डेटाच वर जाणार नाही. तुमच्या लॅपटॉपवर सगळं झकास चालेल आणि सबमिशनला लॅबच्या पीसीवर बोंब!

सरांनाही एक विनंती : फाइलच्या कव्हरला मार्क देता, तसे या चार ओळींनाही द्या. मग बघा, सगळे कसे मन लावून दुर्लक्ष करायला शिकतात!