“कॉम्प्युटर बंद पडलाय” ही तक्रार नाही, मंडळी!



या आठवड्याच्या व्हिडिओत मार्केटिंग नाही, सेल्स नाही, लोन नाही. विषय आहे तुमच्या घरातल्या टेबलावरचा तो आठ-दहा वर्षं जुना डेस्कटॉप, ज्याच्यावर तुमची बिलं, कोटेशनं आणि उधारीची यादी असते. काही जण म्हणतील, सर, हा काय उद्योजकाचा विषय आहे का? माझं मत स्पष्ट आहे. ज्याचा धंदा घरातून चालतो, त्याचं हे दुकानाचं शटर आहे. शटर अडकलं तर आधी कुलपात चावी नीट गेलीय का ते आपणच बघतो ना?

आमच्या बॅचमधल्या एक ताई घरून अकाउंटिंगची कामं करतात. नऊ-दहा छोट्या दुकानदारांचं जीएसटी त्या बघतात. गेल्या वर्षी एका महिन्याच्या ९ तारखेला रात्री त्यांचा कॉम्प्युटर सुरू होईना. ११ तारखेला जीएसटीआर-१ ची मुदत. रिटर्न उशिरा गेलं तर समोरच्या खरेदीदाराला त्या महिन्यात क्रेडिट दिसत नाही आणि मग तो आपल्या दुकानदाराचं पेमेंट अडवतो. ताईंनी ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो फोनवरच म्हणाला, “मॅडम, मदरबोर्ड गेला असणार, या मॉडेलचा आता मिळत नाही, नवीनच घ्या.” ताई कर्ज काढायच्या तयारीत होत्या.

आता यात मी त्या माणसाला दोष देत नाही. ताईंनी त्याला काय सांगितलं? “बंद पडलाय.” दवाखान्यात जाऊन “बरं नाहीये” एवढंच सांगितलं तर डॉक्टर तरी काय करणार? मी ताईंना फोनवर एकच विचारलं, बटण दाबल्यावर नेमकं काय होतं ते सांगा. पंखा फिरतो का? दिवा लागतो का? स्क्रीनवर काही अक्षरं येतात का? त्या म्हणाल्या, पंखा फिरतो, दिवा लागतो, मॉनिटरवर “नो सिग्नल” येतं.

एवढ्यात निम्मं काम झालं. “नो सिग्नल” लिहून येतं म्हणजे मॉनिटर जिवंत आहे. पंखा फिरतो म्हणजे वीज आत पोचतेय. उरलं काय? मधली केबल, रॅम आणि त्यानंतर मदरबोर्ड, प्रोसेसर. मग स्वस्तातल्या गोष्टीपासून सुरुवात. केबल दोन्हीकडून काढून घट्ट लावली, फरक नाही. मग वायर भिंतीतून काढायला लावली, पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरायला लावलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डबा उघडला. (आपण सगळे त्या डब्याला सीपीयू म्हणतो, खरा सीपीयू आत काडेपेटीएवढा असतो, पण असो.) पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. सोनेरी टोकांवरून मुलाचं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, भुगा झटकला. मग एकच पट्टी लावून सुरू केलं. नाही झालं. ती काढून दुसरी लावली, आणि विंडोज आलं!

पण इथे थांबायचं नाही. पट्टी खराब की खाच खराब? चालणारी पट्टी दुसऱ्या खाचेत लावून बघितली, तिथेही चालली. बंद पट्टी दोन्ही खाचांत बंदच. म्हणजे दोष पट्टीत, बोर्ड ठणठणीत. ४ जीबी कमी झाली, मशीन जरा रेंगाळलं, पण १० तारखेला संध्याकाळपर्यंत सगळी रिटर्नं गेली. खर्च शून्य.

यातली खरी शिस्त कुठली, तर एका वेळी एकच बदल. आपल्याकडे लोक काय करतात? केबल बदलतात, रॅम हलवतात, विंडोज नवीन टाकतात, सगळं एकाच रविवारी. सुरू झालं तरी कशाने झालं ते कळत नाही, आणि महिन्याने तोच प्रकार पुन्हा.

बाकी दुखणी पटकन सांगतो. काहीच होत नसेल, दिवासुद्धा लागत नसेल, तर आधी बोर्डात मोबाईलचा चार्जर लावून बघा. मग मॉनिटरची पॉवर केबल काढून सीपीयूला लावा, बहुतेक वेळा दोन्ही सारख्याच असतात. मागचा एसएमपीएसचा छोटा स्विच झाडूवालीच्या हाताने बंद झालेला मी स्वतः दोनदा पाहिलाय. अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत असेल तर यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीत लावून दिवसभर चालवा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि कित्येकांनी त्यावर लेझर प्रिंटरही लावलेला असतो. तो आधी काढा, त्याचा ओढा छोट्या यूपीएसला झेपत नाही. यूपीएसशिवायही तेच होत असेल तर संशय एसएमपीएसवर. तो बदलून घ्या, पण उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. इथे हिरोगिरी नको.

दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडतो? उष्णता. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गादी झालेली असते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. त्यानेही भागलं नाही तर खालची थर्मल पेस्ट वाळलीय, ती नव्याने लावायची.

आणि एक गंमत. घड्याळ रोज जुनी तारीख दाखवतं, पोर्टल उघडताना “कनेक्शन सुरक्षित नाही” असं येतं, आणि आपण शिव्या देतो इंटरनेटवाल्याला. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकीची असली की ब्राउझर वेबसाइटचं प्रमाणपत्र मानत नाही. शिवाय तुमची बिलंसुद्धा चुकीच्या तारखेने पडतात, ते वेगळंच.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. वर सांगितलेली सगळी दुखणी भरून येणारी आहेत. एक सोडून. हार्ड डिस्क.

मी पहिला धंदा केला तो डीटीपीचा. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, फ्लेक्सची डिझाइनं. एक दिवस मशीन फार हळू झालं, आतून टक्, टक् असा आवाज यायला लागला. मी काय केलं? बंद करून चालू. पुन्हा बंद करून चालू. दोन दिवस तेच. मित्राने सांगितलं म्हणून डिस्क तपासायची कमांडही रात्रभर चालवली. तिसऱ्या दिवशी डिस्क दिसेनाशीच झाली. डिझाइनं गेली त्याचं दुःख आहेच, पण उधारीची यादी त्यातच होती. एका एक्सेल फाइलमध्ये, दुसरी प्रत कुठेच नाही. काही लोक स्वतःहून येऊन पैसे देऊन गेले, त्यांना मी आजही विसरलेलो नाही. बाकीच्यांना विचारणार कुठल्या तोंडाने, आकडाच माहीत नव्हता. ते दुकान मी सहा महिन्यांत बंद केलं. कारणं आणखीही होती, पण हे मोठं होतं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. मशीन नुसतं हळू झालं, फाइल उघडायला वेळ लागतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते, तर निदान नंतर, आधी डेटा बाहेर. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत, शक्य असेल तर ड्राइव्हवर दुसरी. मग “क्रिस्टलडिस्कइन्फो” नावाचं मोफत सॉफ्टवेअर उघडा. निळा रंग म्हणजे तूर्त ठीक. पिवळा आणि “कॉशन” दिसलं तर ती डिस्क कामाची राहिली नाही असं समजा, दुरुस्तीच्या नादाला लागू नका. आणि टक् टक् आवाज येत असेल, प्रत काढलेली नसेल, तर तत्काळ बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. माझ्यासारखं चालू-बंद करत बसू नका. प्रत्येक वेळी चालू करताना डिस्क आणखी मरते.

ताईंचीही डिस्क त्या गडबडीत तपासली. पिवळी निघाली. रॅम बिघडली नसती तर कुणी बघितलंही नसतं.

काही बिझनेस कोच सांगतात, मालकाने असल्या कामात वेळ घालवू नये, तुमचा तास महाग आहे. मोठ्या कंपनीत बरोबर असेल. पण ज्याची महिन्याची कमाई पंचवीस-तीस हजार आहे, त्याने ३५-४० हजारांचं मशीन केवळ घाबरून घेणं मला पटत नाही. फक्त मर्यादा ठेवा. माझी मर्यादा एक तास. तासात सापडलं नाही तर लक्षणं आणि काय काय करून पाहिलं ते कागदावर लिहून माणसाला बोलवायचं. कागद हातात असला की समोरचाही जपून बोलतो.

आणि जुन्याला मिठी मारून बसा असंही मी म्हणत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार आणि ग्राहकांचे पासवर्ड फार दिवस ठेवणं मला धोक्याचं वाटतं. नवीन घ्यायचंच आहे, पण ते तुमच्या सोयीने घ्या, ९ तारखेच्या रात्री नाही. जीएसटी नंबरवर बिल घ्या म्हणजे १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळेल (कंपोझिशनवाल्यांना नाही), आणि धंद्याच्या खात्यात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, तो सीएला विचारून नीट लावा.

ताईंनी तसंच केलं. आधी जुन्यात एसएसडी टाकून तीन महिने काढले, तीन दुकानांचे भाव घेतले, मग नवीन मशीन घेतलं. एसएसडी त्याच्यातच बसवली. जुना डबा आता त्यांच्या पुतण्याकडे आहे. बिघडलेली ती रॅमची पट्टी मात्र त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलीय, का ते विचारलं तर नुसत्या हसतात.

व्हिडिओत मी माझा जुना डबा कॅमेऱ्यासमोर उघडणार आहे. बघताना स्टारचा स्क्रू ड्रायव्हर आणि खोडरबर जवळ ठेवा. आणि व्हिडिओ सुरू करायच्या आधी, प्लीज, ती उधारीची फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करून या. मी थांबतो.