स्वस्त वाइनलाही थोडं वय येऊ द्या

सप्टेंबर उजाडला की फ्रान्समधल्या सुपरमार्केटांत वाइनचा बाजार भरतो. लक्लेर या दुकानांच्या साखळीने १९७३मध्ये ही टूम काढली आणि बाकीच्यांनी ती उचलली. आता लहानशा गावातल्या दुकानातही महिनाभर पुठ्ठ्याच्या खोक्यांचे नि लाकडी पेट्यांचे ढीग लागतात. लोक सहा-सहा बाटल्या ट्रॉलीत टाकतात आणि दुधा-पावाच्या बिलातच त्यांचे पैसे चुकते करतात. बाटली आठ युरोंची, दहाची, फार तर पंधराची. त्यांतल्या कितीतरी बाटल्या नाताळ बघत नाहीत.

त्यात गैर काही नाही. या वाइन तशाच बेताने बनवलेल्या असतात. पण त्याच ढिगात काही बाटल्या अशा असतात की त्यांचं बूच इतक्या लवकर काढणं म्हणजे नुकसान करून घेणं. एका स्वस्त वाइनच्या सहा बाटल्या घेऊन त्या सात-आठ वर्षांत थांबत थांबत संपवल्या, तर वाइनबद्दल जेवढं कळतं तेवढं एका महागड्या बाटलीतून कळत नाही. दुर्दैवाने वाइन मुरण्याची चर्चा महागड्या बाटल्यांनीच अडवून ठेवली आहे.

याचं मूळ बऱ्याच अंशी १८५५ सालात सापडतं. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनला बोर्दोच्या उत्तम वाइनची यादी हवी होती. तिथल्या दलालांनी ती केली आणि पाच श्रेणी लावल्या. निकष मुख्यतः बाजारभावाचा. जी वाइन वर्षानुवर्षं महाग विकली जात होती ती वरच्या श्रेणीत गेली. ही यादी आजही चालू आहे. १९७३मध्ये मुतों-रोतशिल्डला दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत घेतलं, हा तिच्यातला ठळक म्हणावा असा एकमेव बदल. याच घराण्यांच्या जुन्या बाटल्यांना लिलावात लाखोंची बोली लागते. त्यामुळे जुनं म्हणजे महाग आणि महाग म्हणजे चांगलं, असं समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यातून दोन उलटसुलट गैरसमज निघाले. एक म्हणजे स्वस्त वाइन ठेवण्यात अर्थ नाही. दुसरा म्हणजे कोणतीही वाइन ठेवली की चांगलीच होते. दुसरा जास्त घातक, कारण तो आपल्याकडे घरोघरी आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

बाटलीत नेमकं होतं काय? द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन येतं. कोऱ्या कडक चहाने जीभ जशी आक्रसते, तसा तुरटपणा त्याच्यामुळे येतो. रंग येतो सालीतल्या अँथोसायनिन या द्रव्यातून. बाटली आडवी पडून असताना हे दोन्ही रेणू एकमेकांना जोडले जातात, साखळ्या लांबतात, आणि त्यांतल्या काही जड होऊन गाळ म्हणून तळाशी बसतात. म्हणून कोवळी वाइन जांभळट दिसते, मग लाल, मग विटकरी. तुरटपणाची धारही मोडते. ताज्या फळाचे वास मागे पडतात आणि माती, अळंबी, चामडं, तंबाखूचं पान असे वास पुढे येतात. बुचातून शिरणारा अगदी किंचित प्राणवायू या सगळ्याला हात देतो. तो जास्त झाला तर वाइन मरते.

याचा अर्थ सरळ आहे. मुरण्यासाठी मुळात टॅनिन आणि आम्लता हवी, म्हणजे द्राक्षाची जात, माती आणि त्या वर्षीचं हवामान हवं. किमतीचा संबंध त्यानंतर येतो, आणि तोही ढिला. एखाद्या गावाचं नाव फॅशनमध्ये नाही म्हणून तिथली वाइन स्वस्त राहते, पण द्राक्षाला ते ठाऊक नसतं.

ल्वार नदीच्या खोऱ्यातलं शिनों हे असंच एक गाव. लेखक फ्रांस्वा राब्ले याच परिसरातला. तिथे कॅबर्ने फ्रांक या द्राक्षाची रेड वाइन होते आणि तिची चांगली बाटली आजही बोर्दोच्या नामांकित बाटलीच्या काही अंश किमतीत मिळते. व्हिएन नदीकाठच्या रेताड, खडीच्या जमिनीतली शिनों हलकी असते, ती पहिल्या दोन-तीन वर्षांत पिऊन टाकावी. उतारावरच्या चुनखडीच्या आणि चिकणमातीच्या जमिनीतली मात्र दमदार निघते. तेच गाव, तेच द्राक्ष, कित्येकदा तोच बागाईतदार, आणि आयुर्मान वेगळं. शार्ल जोगे हा चित्रकार-शिल्पकार १९५७मध्ये घरची शेती बघायला परतला आणि त्याने एकेका तुकड्याची वाइन वेगळी बाटलीबंद करायला घेतली, तेव्हा हा फरक पिणाऱ्यांनाही दिसू लागला. ओल्गा राफो यांच्या घराण्याची ‘ले पिकास’ या तुकड्यातली वाइन तर दशकांच्या हिशेबात टिकते.

अशा उतारावरच्या शिनोंचं सहा बाटल्यांचं खोकं घेतलं असं धरू. पहिल्या वर्षी ग्लासात गडद जांभळा रंग, रासबेरीचा वास आणि त्याच्या मागे कापलेल्या ढोबळी मिरचीचा. हा भास नव्हे. ढोबळी मिरचीला वास देणारं एक पायराझिन कॅबर्नेच्या कुळातल्या द्राक्षांतही असतं. तुरटपणा हिरड्यांना जाणवतो, आणि सोबत मटण नसेल तर ग्लास संपवणं जरा जड जातं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उघडलेली बाटली बहुधा निराश करते. फळ गेलेलं, नवं काही आलेलं नाही, वास जणू दार लावून बसलेला. फ्रेंच लोक अशा वाइनला ‘बंद’ म्हणतात. हे का होतं याचं रसायन शास्त्रज्ञांना अजून पुरतं उलगडलेलं नाही, पण होतं हे नक्की. अनेक जण इथेच कंटाळून उरलेल्या बाटल्या रश्श्यात ओततात. सहाव्या ते आठव्या वर्षाच्या सुमारास तीच वाइन मोकळी होते. कडेला विटकरी झाक, जिभेवर मऊपणा, ओली माती, सुकलेलं पान. मिरची गेलेली नसते. ते रसायन टिकाऊ असतं. ती फक्त इतर वासांच्या मागे सरकते. बारा वर्षांनंतर एका खोक्यातल्या दोन बाटल्याही एकमेकींशी जुळतील याची खात्री राहत नाही, कारण प्रत्येक बूच सारखंच घट्ट नसतं.

पाच-सहा बाटल्यांत हे सगळं बघायला मिळतं, तेही बोर्दोतल्या पहिल्या श्रेणीच्या एका बाटलीपेक्षा कितीतरी कमी पैशांत.

बोजोले या भागाची गोष्ट आणखी गंमतशीर आहे. तिथलं द्राक्ष गामे. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १३९५मध्ये हे द्राक्ष हलकं ठरवून आपल्या मुलखातून हद्दपार करण्याचा हुकूम काढला होता. आज जगाला ते माहीत आहे ‘बोजोले नुव्हो’मुळे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी, काही आठवड्यांपूर्वीच तोडलेल्या द्राक्षांची ही वाइन थोड्या महिन्यांत पिण्यासाठीच असते. ती सांभाळून ठेवणारा स्वतःला फसवतो. पण त्याच भागात उत्तरेकडे मॉर्गों आणि मुलँ-आ-व्हाँ हे पट्टे आहेत. तिथलं गामे चांगल्या वर्षात सहज दहा वर्षं जातं, आणि तेव्हा त्याचा वास कित्येकदा बर्गंडीच्या पिनो न्वारशी गोंधळ व्हावा इतका जवळ येतो. ड्यूकला हे चाखायला द्यायला हवं होतं. नुव्होच्या जाहिरातबाजीने मात्र या शेजाऱ्यांचं नावही हलकं केलं. पिणाऱ्यांच्या ते पथ्यावर पडलं, कारण भाव फार चढले नाहीत.

फ्रान्सच्या नैऋत्येला, पिरेनीजच्या पायथ्याकडे मादिराँ आहे. तिथलं ताना हे द्राक्ष इतकं तुरट की जुन्या पद्धतीची कोवळी मादिराँ पिणं ही शिक्षाच. पात्रिक द्युकुर्नो या तिथल्याच वाइनकाराने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला टाकीतल्या वाइनमध्ये प्राणवायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे मोजून सोडण्याची पद्धत काढली. वर्षानुवर्षांचं काम काही महिन्यांत होऊ लागलं आणि ही युक्ती जगभर गेली. त्याआधी बोर्दोत एमिल पेनो या प्राध्यापकाने द्राक्षं पूर्ण पिकू द्या, तळघर स्वच्छ ठेवा, आंबवण्यावर नजर ठेवा असं सांगून तिथल्या वाइन कोवळ्या वयातही पिण्याजोग्या केल्या होत्या. या दोघांमुळे स्वस्त वाइन सुधारली यात वाद नाही. पूर्वी दहा युरोंत घाण वाइनही बिनदिक्कत विकली जायची, आता तसं कमी होतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. विकत घेतल्याच्या संध्याकाळीच बाटली उघडणार असं गृहीत धरलं की वाइनही त्याच संध्याकाळपुरती बनते. मऊ, गोडसर फळाची, कुठेही न टोचणारी. अशा वाइन एकमेकींसारख्या लागू लागतात. आणि एकसारख्या मालाला ग्राहक किती दिवस धरून राहणार? १९६०च्या सुमारास फ्रान्समध्ये माणशी वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन लागत असे, आता ती चाळीस लिटरच्या आसपास आली आहे. २०२३मध्ये फ्रेंच सरकारने न खपणारी वाइन ऊर्ध्वपातनाला पाठवण्यासाठी २० कोटी युरोंची मदत जाहीर केली. त्या वाइनमधून निघालेलं अल्कोहोल सॅनिटायझर आणि अत्तरांकडे जायचं. त्याच वर्षी बोर्दोच्या जिरोंद जिल्ह्यात सुमारे साडेनऊ हजार हेक्टरांवरच्या वेली उपटण्याची योजना आली, हेक्टरी ६,००० युरो भरपाई देऊन. उपटल्या जाणाऱ्या वेली १८५५च्या यादीतल्या घराण्यांच्या नव्हेत, स्वस्त वाइन करणाऱ्या साध्या बागाईतदारांच्या आहेत. या संकटाला बदललेल्या सवयी, घटलेली चिनी मागणी, वाढता खर्च अशी बरीच कारणं आहेत. मुरवून पिणारे गिऱ्हाईक वाढल्याने ते टळेल असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. तरी जिची आठवण पुढच्या बाटलीपर्यंत टिकते अशी वाइन विकणं त्यातल्या त्यात सोपं असतं, आणि शिनोंसारख्या गावांकडे ती आहे.

आता आपल्याकडच्या गैरसमजाबद्दल. भाचा पॅरिसला गेला होता, त्याने विमानतळावरून आणलेली रेड वाइन दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात उभी ठेवलेली आहे, ट्यूबलाइटखाली, पाच उन्हाळे झाले. ‘जुनी होऊ दे, चांगली होईल.’ ही बाटली चांगली होत नाही. वाइन मुरते ती बारा-चौदा अंशांच्या अंधारात. शिनोंच्या चुनखडीत खोदलेल्या गुहांमध्ये ते तापमान बारा महिने फुकटात मिळतं. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात घरातलं कपाट पस्तिशी ओलांडतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून उष्णतेत वाइन लवकर मुरत नाही, शिजते. बाटली उभी असल्याने बूच सुकतं, हवा शिरते. मग पाहुण्यांसमोर तपकिरी, आंबूस द्रव ग्लासात पडतो आणि फ्रेंच वाइनला उगाच नावं ठेवली जातात.

शिवाय भारतात हा खेळ स्वस्तही राहत नाही. आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं, वर राज्यांचे कर. आठ युरोंची बाटली इथे ऐषारामाची वस्तू होते, आणि दुकानातल्या फळीवर तिने किती उन्हाळे काढले हे कोणी सांगत नाही. ज्यांना हा प्रयोग इथेच करायचा आहे त्यांनी नाशिक किंवा अकलूजच्या एखाद्या दमदार रेड वाइनच्या सहा बाटल्या घ्याव्यात, थेट वाइनरीतून आणाव्यात आणि वाइनसाठीचा छोटा फ्रिज घरात असेल तरच ठेवाव्यात. नाशिकमध्ये बस्तान बसवलेलं शनँ ब्लां हे द्राक्ष मूळचं ल्वारच्याच खोऱ्यातलं, पण ते पांढरं. त्याची इथली वाइन ताजीच प्यावी. फ्रिज नसेल तर कपाटातली बाटली याच आठवड्यात उघडा. लेबलवरचं वर्ष वाचा, अर्धा तास थंड करा आणि संपवा.

आणि तुलूझला विमानांच्या कारखान्यात किंवा पॅरिसला बँकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना एक सुचवणं. यंदाच्या सप्टेंबरात शिनों, मॉर्गों किंवा मादिराँ यांपैकी एकच निवडा आणि तिचं एक खोकं घ्या. पॅरिसच्या जुन्या इमारतींत भाडेकऱ्याला तळघरातली एक कोठडी पुष्कळदा मिळते, बहुतेकांच्या सायकली तिथे पडून असतात. खोकं तिथे आडवं ठेवा. पहिली बाटली लगेच उघडा, म्हणजे सुरुवात कुठून झाली ते कळेल. दुसरी दोन वर्षांनी. ती आवडली नाही तर उरलेल्या चार वाटून टाकू नका.