विस्मरण की खिन्नता?

चष्मा सापडत नाही, सकाळी वाचलेला अग्रलेख दुपारी आठवत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव सुचत नाही. सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीने अशी तक्रार केली की घरात एकच शब्द कुजबुजला जातो : स्मृतिभ्रंश. तो मनात पक्का करण्यापूर्वी, वाचकहो, नैराश्याची शक्यता अवश्य तपासून घ्यावी.

नैराश्य केवळ मनालाच ग्रासत नाही. लक्ष एकाग्र होत नाही, विचारांची गती मंदावते, साधा निर्णयही जड जातो. जिकडे लक्षच गेले नाही, ते स्मरणात नोंदले जाणार कसे? मानसोपचारतज्ज्ञ लेस्ली किलोह यांनी १९६१ मध्ये स्मृतिभ्रंशाचा केवळ आभास निर्माण करणाऱ्या अशा अवस्थांवर लिहिले.

फरक अनेकदा घरच्यांच्याच नजरेस पडतो. नैराश्यग्रस्त व्यक्ती आपल्या विसराळूपणाचा पाढा स्वतःच वाचते. प्रश्न विचारताच, आठवण्याचा प्रयत्नही न करता, ‘मला नाही ठाऊक’ म्हणते. धीर देऊन एखादा दुवा सुचवला, तर पुष्कळदा उत्तर येते. त्रास केव्हापासून सुरू झाला, हेही बहुधा सांगता येते : जोडीदार गेल्यापासून किंवा मोठ्या आजारपणापासून. अल्झायमरमध्ये मात्र तक्रार बहुधा घरचे करतात. रुग्ण वेळ मारून नेतो. अर्थात या खुणा म्हणजे निदान नव्हे. दोन्ही विकार एकत्रही नांदतात, आणि उतारवयात प्रथमच आलेले नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची नांदी ठरते. म्हणूनच मन सावरल्यानंतरही स्मरणशक्तीची फेरतपासणी करून घ्यावी.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची संपूर्ण यादी न्यावी. झोपेच्या काही गोळ्या आणि अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधे वृद्धांची स्मृती मंद करू शकतात. थायरॉइड व बी-१२ यांची तपासणीही आवश्यक असते. नैराश्याच्या औषधांचा गुण येण्यास अनेक आठवडे लागतात. ती आपल्या मनाने थांबवू नयेत. काहींमुळे वृद्धांच्या रक्तातील सोडियम घटते, तेव्हा नव्याने गोंधळ किंवा ग्लानी जाणवल्यास त्वरित कळवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी ‘काल काय जेवलात, सांगा पाहू’ अशी परीक्षा घेणे टाळावे. प्रत्येक चुकीसरशी रुग्ण अधिकच मिटत जातो. पण ‘आता जगून काय करायचे?’ हा उद्गार वयाचे बोलणे म्हणून कधीही सोडून देऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या निःशुल्क क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीतही बोलता येते.