मैदान की माळरान?

गोल्फचे मैदान म्हटले की डोळ्यांपुढे येते ते गालिच्यासारखे कापलेले गवत, मधे एखादे तळे आणि सावलीची झाडे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा जगप्रसिद्ध 'ओल्ड कोर्स' पाहून मात्र नवख्याची निराशाच होते. समुद्रालगतची वाळूची उंचसखल जमीन, राठ गवत, काटेरी झुडपे आणि बोचरा वारा! शेतीला निरुपयोगी अशा या पट्ट्याला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. गोल्फ वाढला तो इथेच.

१९४६ साली अमेरिकेचा सॅम स्नीड ब्रिटिश ओपन खेळायला आला. आगगाडीच्या खिडकीतून त्याला वाटले, हे कुठले तरी ओस पडलेले जुने मैदान दिसते! गंमत अशी की, त्याच मैदानावर त्याने अजिंक्यपद पटकावले. पण बक्षिसाच्या १५० पौंडांत प्रवासखर्चही निघाला नाही, आणि पुढच्या वर्षी विजेतेपद राखायला स्वारी फिरकलीच नाही.

नावडणाऱ्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. उत्तम फटका मारावा, तर चेंडू न दिसणाऱ्या उंचवट्यावर आपटून भलतीकडेच जातो. वाळूचे खड्डे तब्बल ११२! १९२१ साली तरुण बॉबी जोन्स अशाच एका खड्ड्यात अडकला आणि चिडून स्पर्धाच सोडून निघाला. हाच जोन्स पुढे त्या मैदानाच्या प्रेमात पडला. १९२७ साली त्याने तिथे ओपन जिंकली आणि १९५८ साली गावाने त्याला सन्माननीय नागरिकत्व बहाल केले.

मात्र साधेपणाच्या नावाखाली काहीही खपवू नये. २०१५ ची अमेरिकन ओपन चेंबर्स बे इथे झाली. वाळू-खडीच्या जुन्या खाणीवर लिंक्सच्या धर्तीवर बांधलेले हे मैदान, झाड अवघे एक! गॅरी प्लेअरने त्यावर कडाडून टीका केली. मैदान उघडेबोडके, हा आक्षेप सोडून देता येईल; पण चेंडू जिथे हळुवार ढकलायचा ती खळग्याभोवतीची हिरवळच ठिगळे लावल्यासारखी झाली होती. खेळाडूंचा हा राग रास्तच होता.

सेंट अँड्र्यूजच्या गावकऱ्यांना या वादाचे सोयरसुतक नाही. जमीन सार्वजनिक, मोठी स्पर्धा नसली की रविवारी खेळ बंद असतो, आणि मंडळी कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर फिरायला येतात.