ग्राइंडर आमच्या हातात, सर्किट कुणाच्या?

कोल्हापुरात अभियांत्रिकीची पोरं बाहा, रोबोकॉन अशा स्पर्धांसाठी टीम बांधतात. मोटार, सेन्सर, कंट्रोलर आणि सांगाडा एकत्र चालवायला शिकवणारी खरी शाळा ही टीमच. करंट पाहून वायरची जाडी कशी ठरवायची, फ्यूज बॅटरीजवळच का बसवायचा, मोटारच्या केबलशेजारून सेन्सरची वायर नेली की रीडिंग का नाचतं, हे फळ्यावर पुरतं कळत नाही. वायरिंग जळतं तेव्हा कळतं.

पण तेव्हा वायरिंगजवळ कोण असतं?

आम्ही अशाच एका टीममध्ये होतो. पहिल्याच बैठकीत लॅपटॉपवाले डिझाइनला गेले. आमच्या वाट्याला ग्राइंडिंग आणि उद्यमनगरातून पार्ट आणणं. जात कुणी विचारली नाही. आडनाव पुरेसं होतं. वर शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्क भागतं, टीमची वर्गणी भागत नाही.

कुणी म्हणेल, ग्राइंडिंग हलकं काम आहे का? मुळीच नाही. आमचा आक्षेप कामावर नाही, कामाचा माणूस आधीच ठरवण्यावर आहे. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं. खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहणारे तीच उतरंड वर्कशॉपमध्ये रचतात.

'मेरिट' म्हणाल, तर चाचणी कधी घेतली? सर्किटला हात लावू द्यायचा नाही आणि वर म्हणायचं, यांना सर्किट येत नाही!

याच कोल्हापुरात १९०२ मध्ये शाहू महाराजांनी सरकारी नोकरीच्या रिकाम्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खातं सांभाळताना बाबासाहेबांनी देशाच्या वीज धोरणाचा पाया घातला. वीज आम्हाला परकी नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. टीमची वर्गणी महाविद्यालयाने भरावी. निवड उघड चाचणीने व्हावी. प्रत्येकाने डिझाइन, वायरिंग, प्रोग्रामिंग आणि ग्राइंडिंग आळीपाळीने करावं. कुणी काय केलं याची वही ठेवावी. मुलाखतीत तीच दाखवता येईल.

आणि मित्रांनो, मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसू नका. वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारी चार पोरं जमवा, एक जुनी मोटार आणा, मल्टिमीटर धरायला शिका. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातलं 'शिका' सर्किटपर्यंत पोहोचलं पाहिजे.

जय भीम!