दूधसागर पाहायचा तरी कसा?

आषाढसरींनी जोर धरला की गोव्यातल्या घराघरांतून एक बेत ठरू लागतो. रविवारी सकाळी निघावे, दूधसागर पाहावा आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे. बेत एका दिवसाचा; परंतु तो तडीस नेणे सामान्य माणसाला दुष्कर झाले आहे. ३१० मीटरांवरून चार टप्प्यांनी कोसळणारा हा प्रपात ज्या दिवसांत आपल्या नावाला जागतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याच्याकडे जाण्याची वाट बंद असते.

कुळ्याहून अभयारण्यातून जाणारा जीपचा मार्ग नदीचे पात्र ओलांडत जातो. पावसाळ्यात तो बंद ठेवणे क्रमप्राप्तच आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती यापुढे जे घडते त्याबद्दल. रस्ता बंद झाला की माणसे रूळ धरतात आणि बोगद्यांतून चालत निघतात. १६ जुलै २०२३ च्या रविवारी अशा तरुणांना रेल्वे पोलिसांनी अडवून उठाबशा काढायला लावल्या. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाचे स्मरण देऊन रेल्वेने तेव्हा जाहीर केले की, प्रपात डब्यात बसूनच पाहावा. उठाबशांचे समर्थन आम्ही करणार नाही. स्वतंत्र देशाच्या नागरिकाला शिक्षा न्यायालयाने द्यावयाची असते, रुळांच्या कडेला नव्हे. मात्र बोगद्यात समोरून गाडी आली तर पळायला वाट नसते, हे त्या तरुणांच्या आईबापांनी तरी ध्यानात घ्यावयास हवे. त्याच महिन्यात नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर बंदी घातली. बंदी घालायला एक आदेश पुरतो. व्यवस्था उभारायला डोके आणि माणसे लागतात.

हा लोहमार्ग १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून जन्मला. त्या करारापायी गोव्याच्या मिठाच्या व्यवहारावर इंग्रजांची पकड बसली आणि मिठागरांचा धंदा खालावला. ज्या मार्गाची किंमत गोमंतकीयांनी अशी मिठाने चुकवली, त्या मार्गावरून आज त्यांना आपलाच धबधबा खिडकीच्या गजांआडून क्षणभर दिसतो, आणि तोही गाडीच्या योग्य बाजूची जागा मिळाली तर!

एके काळी प्रवासी गाड्या दूधसागरला थांबत असत. पावसाळ्यातील रविवारी वास्कोहून एक खास गाडी सकाळी सोडून ती तेथे ठरावीक वेळ थांबवावी, मोजक्या लोकांना आगाऊ तिकिटे द्यावीत आणि रुळांवर कोणी उतरू नये एवढा बंदोबस्त ठेवावा, अशी आमची मागणी आहे. रेल्वेची अडचण आम्ही जाणतो. कॅसलरॉक ते कुळे हा उतार सदतिसास एक इतका तीव्र असून गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. तेथे गाडी थांबवणे हा पोरखेळ नव्हे. म्हणूनच हे काम आठवड्यातून एकदाच आणि वेळापत्रकात नीट बसवून व्हावे. पावसाळाभर रिकाम्या बसणाऱ्या कुळ्यातील जीपवाल्यांना वनखात्याने मार्गदर्शक व रक्षक म्हणून या गाडीवर नेमावे. जंगलातून पक्का रस्ता काढा, असे मात्र कोणी सुचवू नये. याच वनाची हानी ओळखून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द ठरवली होती.

ही गाडी सुरू होईपर्यंत वाचकांनी आपला बेत पावसाळा सरून जीपचा मार्ग उघडेपर्यंत लांबणीवर टाकावा. तेव्हा धार रोडावलेली असते खरी, पण पायथ्याशी उभे राहून मान वर करता येते. कुळ्याला सकाळी लवकर पोहोचावे. अर्धा दिवस पुरतो आणि दुपारी तांबडी सुर्लचे कदंबकालीन महादेव मंदिरही पाहून होते. जीप सोडल्यावर खडकांतून थोडे चालावे लागते, तेव्हा वृद्धांनी काठी बाळगावी. माकडांना खाऊ देऊ नये. पाण्यात उतरायचे तर तरंगजाकीट काढू नये. आणि शिदोरीच्या पिशव्या परत आणाव्यात. हेच पाणी पुढे खांडेपार नदीतून ओपाला येते आणि फोंडा-तिसवाडीच्या नळांना सुटते.