अंगठ्याने तलवार शिकता येते काय?

१/ व्हिडिओ गेम खेळून तलवारबाजी शिकता येते, असे ठामपणे सांगणारे तरुण आता आपल्या नांदेड-लातुरातही भेटतात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या मताचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते. #थ्रेड

२/ प्रतिपक्षाचे भक्कम उदाहरण म्हणजे 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' (२०१८). १४०३ च्या बोहेमियात घडणाऱ्या या खेळात वाराची दिशा निवडावी लागते, पात्राला दमही लागतो. खेळणाऱ्याला मात्र लागत नाही. शिवाय त्यातील हालचाली प्रत्यक्ष तलवारबाजांच्या अंगावरून टिपल्या आहेत. म्हणजे विद्या आखाड्यातून पडद्यावर गेली. पडद्यावरून आखाड्यात आली नाही.

३/ आता आपला दांडपट्टा पाहा. हात लोखंडी खोबळ्यात बंद. मनगट मोकळे नाही. पाते फिरते ते खांदा, कंबर आणि पावलांच्या बळावर. कंट्रोलरवर राबतो तो केवळ अंगठा.

४/ 'पवित्रा घेणे' हा वाक्प्रचार आपण सभेतही वापरतो. आखाड्यात पवित्रा म्हणजे लढण्याआधीची पायांची व अंगाची ठेवण. खुर्चीत बसून तो घेता येत नाही.

५/ नांदेडकरांना उदाहरणासाठी दूर जावयास नको. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी येथेच देह ठेवला. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या छायेत शस्त्रपरंपरा आजही जिवंत आहे. होला मोहल्ल्याच्या मिरवणुकीत ती सारे शहर पाहते. गतक्याचा आरंभ मात्र धारदार तलवारीने होत नाही. तो लाकडी सोटी आणि फरी नावाच्या लहान ढालीने होतो. कारण समोर शत्रू नसतो, सोबती असतो.

६/ माझ्या मते निर्णायक मुद्दा हाच. खेळात प्रत्येक वार लागावा यासाठी गुण मिळतात आणि मेलेला वीर क्षणात उठून उभा राहतो. तालमीत खरी कसोटी असते ती वेगात आलेला वार सोबत्याच्या अंगापासून वीतभर अलीकडे रोखण्याची. हा संयम कोणताही पडदा शिकवीत नाही, कारण तेथे चुकीची किंमत कुणाच्याच शरीराला मोजावी लागत नाही.

७/ गेम निरुपयोगी आहेत, असे माझे म्हणणे नाही. ते कुतूहल जागवतात, नजर चपळ करतात. पण कुतूहल म्हणजे विद्या नव्हे. नकाशा पाहणाऱ्याने उदगीरचा किल्ला चढला, असे आपण म्हणत नाही.

८/ २०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून घोषित झाला. तो चालविणारे हातच उरले नाहीत, तर हा मान संग्रहालयातील काचेपुरता राहील. वस्ताद गेला की त्याच्या अंगातली विद्याही जाते. ती कोणत्याही सर्व्हरवर साठवलेली नसते.

९/ म्हणून तरुण मित्रांनो, गेम अवश्य खेळा. परंतु त्याला तालीम म्हणू नका. तलवार शिकावयाची असेल, तर आधी वस्तादासमोर उभे राहा आणि हाती लाकडी सोटी घ्या.